अंदमानात पोट शांत, बेळगावात आलो की परत सुरू! हे काय गौडबंगाल?

शहापूरकर
२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हा धागा ‘भटकंती’त काढावा की ‘आरोग्या’त यावरून घरात मतभेद झाले. शेवटी भटकंतीत काढतोय, कारण सुरुवात तिथनंच झाली.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं (मी, बायको, नववीतला मुलगा) अंदमानला जाऊन आलो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूर, तिथनं विमानानं पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याला श्री विजयपुरम म्हणायचं म्हणे. हॅवलॉकचं तर २०१८ लाच स्वराज द्वीप झालं. गावाची नावं बदलायची आपल्याला सवय आहे, पण जीभ काही लगेच वळत नाही.

सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, काचेसारखं पाणी, फोटो सगळे दुसऱ्या धाग्यावर टाकलेत. आता मुद्द्याचं. माझं पोट हा आमच्या घरातला चेष्टेचा विषय आहे. सहा-सात वर्षं झाली. सकाळी दहा वाजले की पोटाचं ढोलकं. गुडगुड अशी, की समोर साडी बघत बसलेल्या बाईला ऐकू यावी. बऱ्याचदा गिऱ्हाईक तसंच सोडून आत पळतो. गॅसच्या गोळ्या, ओवा, बडीशेप, सगळं झालं. त्यामुळं जाताना बॅगेत निम्मा औषधाचा कट्टा घेतला होता. दोन तासांची बोट, आणि बोटीत पळायची वेळ आली तर? आठ दिवस आधीपासून झोप नव्हती.

आणि काय सांगू, सात दिवस काही म्हणजे काही झालं नाही. मासे खाल्ले, खेकडा खाल्ला, गाड्यावरचा डोसा खाल्ला. पोट लहान बाळासारखं झोपलेलं. बेळगावात परत आलो, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ढोलकं चालू!

आई म्हणते दृष्ट लागली. बायको म्हणते तिकडं दुकान नव्हतं. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही तिकडंच राहा. तुम्ही काय म्हणता?

---

मलप्रभा_काठ
२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

वहिनींना +१. दुकान नव्हतं, उधारी नव्हती, फोन लागत नव्हता. माझ्या मेव्हण्याचं पोट फक्त मार्चअखेरीस बिघडतं. तो बँकेत आहे.

---

वकील_निपाणी
२ फेब्रुवारी, रात्री १०:२०

पाणी तपासा. तिकडं बाटलीचं पाणी प्यालात, इकडं बोअरचं. दुसरं काही नाही.

---

शहापूरकर
२ फेब्रुवारी, रात्री १०:३१

वकीलसाहेब, घरी फिल्टर आहे आणि तेच पाणी घरातली बाकीची चार माणसं पितात. त्यांची पोटं ठणठणीत. मग एकट्या मलाच कसं बाधतं?

---

ताकभात
३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

शहापूरकर, आधी एक काम करा. तिकडचा एक दिवस आणि घरचा एक दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते वेळेसकट लिहा. पान-सुपारी पण सोडू नका. मी हुबळीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथं औषध सांगणार नाही, प्रश्न मात्र खूप विचारणार.

---

शहापूरकर
३ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

ताई, घ्या.

घरी: सहाला चहा, आईच्या हातचा, म्हणजे दूधच, पाणी नावाला. आठला परत तोच. नऊला चपाती-भाजी नाहीतर उप्पीट. अकराला दुकानात चहा. दीडला चपाती, भात, आमटी, दही. चारला चहा. शिवाय एक साडी घ्यायला सहाजणी येतात, त्यांना चहा सांगितला की आपणही घ्यावा लागतो. रात्री दुकान बंद करून साडेदहाला जेवण, परत चपाती. झोपताना हळद घातलेलं पेलाभर गरम दूध. पोटाला बरं म्हणून आई गेली पाच-सहा वर्षं न चुकता देते. कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दूध आटवून केलेली मिठाई, आठवड्यातनं दोनदा तरी घरात येतोच.

अंदमानात: सकाळी लिंबू पिळलेला कोरा चहा. ताजं दूध तिथं दुर्मीळ, आणि पावडरीच्या दुधाचा चहा मला घोटभर पण गेला नाही. मग इडली किंवा डोसा. दुपारी भात, माशाचं कालवण, तळलेला तुकडा. मधेच शहाळं. साडेपाचला अंधार पडतो, त्यामुळं साडेसातला जेवण, परत भात-मासा. नऊला आडवे. भाजी फार नाही, बरीचशी जहाजानं येते, महाग असते. तिखट मात्र दणकून.

---

ताकभात
३ फेब्रुवारी, रात्री ९:००

रागावू नका, पण ‘पोटाला बरं म्हणून पेलाभर दूध’ वाचून हसू आलं.

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं, पुढं बऱ्याच जणांत कमी कमी होत जातं. याला आजार म्हणू नका, जगातल्या निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांचं असंच आहे. आपल्या देशात वायव्येकडच्या लोकांना दूध जास्त पचतं, दक्षिणेकडं यावं तसं पचणाऱ्यांचं प्रमाण कमी होत जातं. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की पाणी ओढून घेते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू तयार होतो. फुगणं, गुडगुड, पळापळ. बहुतेकदा अर्ध्या ते दोन तासांत.

आता हिशोब. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज. असा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसं काही होत नाही, जेवणाबरोबर घेतलं तर अजून बरं. म्हणजे पाणचट चहाचा एक कप सहज खपतो. पण तुमचा सहाचा चहा, आठचा चहा, दोन्ही निव्वळ दुधाचे, आणि बरोबर दहाला ढोलकं. रात्रीचा पेला २५० मिलीचा असेल तर तो एकटाच १२ ग्रॅमच्या वर जातो. दह्यातली बरीच साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते, म्हणून दही-ताक सोसतं. तुपात जवळजवळ नसतेच. कुंद्याचं मात्र अवघड आहे. दूध आटवलं की पाणी उडतं, साखर आहे तिथंच राहते. पावडरीचंही तेच, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मा भाग लॅक्टोजच. तुम्हाला तो चहा आवडला नाही हे तुमचं नशीब.

तरी लगेच दुधावर शिक्का मारू नका. त्या सात दिवसांत दूध गेलं, गहू गेला, रात्रीचं जेवण तीन तास अलीकडं आलं आणि दुकानही गेलं. चार संशयित एकदम गावाबाहेर गेले आणि चोऱ्या थांबल्या, तर चोर कोण हे कसं सांगणार? एकेकाला परत गावात आणून बघावं लागतं.

---

अण्णा_अथणी
४ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

काय एकेक नवीन थेरं काढूलालासा तुम्ही लोक. दूध सोसत नाही म्हणे! मी ७४ वर्षांचा आहे. आमच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या. दूध पिऊनच मोठे झालो आम्ही. कुणाचं पोट फुगलं नाही. शेतात राबलं की सगळं पचतंय.

---

ताकभात
४ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

अण्णा, नमस्कार. एक विचारू? सहा म्हशींचं दूध घरात किती राहायचं?

---

अण्णा_अथणी
४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

घरात कुठलं राहतंय. सकाळ-संध्याकाळ सगळं डेअरीला. पोरांना वाटीभर. आम्ही ताकच प्यायचो, घागरभर. आणि लोणी-तूप.

---

मलप्रभा_काठ
४ फेब्रुवारी, सकाळी ९:१४

हसून हसून पुरेवाट. अण्णा, तुम्हीच केस सोडवलीत की!

---

अण्णा_अथणी
४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

बरं बरं. चालू दे तुमचं.

---

खानापूरची_नाचणी
४ फेब्रुवारी, दुपारी २:००

इथं कळकळीनं एक सांगायचंय. शहापूरकर, गहू स्वतःच्या मनानं बंद करून ‘बघू या’ असलं काही करू नका. आधी रक्त तपासा. आमची चूक वाचा.

माझी भाची, अकरा वर्षांची. वाढ खुंटलेली, पोट सारखं बिघडायचं, हिमोग्लोबिन काही केल्या चढेना. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या झाल्या. मग कुणीतरी व्हॉट्सअॅपवर गव्हाचं काहीतरी पाठवलं आणि आम्ही चपाती बंद केली. पोरगी सुधारली! सहा महिन्यांनी एका डॉक्टरांनी सीलिएकची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन न सोसण्याच्या आजाराची, तपासणी सांगितली, टीटीजी-आयजीए नावाची. रिपोर्ट निगेटिव्ह. त्यांनी विचारलं, गहू खाते ना? आम्ही अभिमानानं सांगितलं, सहा महिने बंद आहे. त्यांनी कपाळावर हात मारला. गहू पोटात जात असला तरच ते रक्तात दिसतं. पोरीला परत चपाती सुरू करावी लागली, बरं चाललेलं पोट मुद्दाम बिघडवावं लागलं, मग रक्त, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा. तेव्हा कुठं पक्कं झालं. त्या आठवड्यांत ती रात्री पोट धरून बसायची ते अजून डोळ्यांपुढं आहे.

सीलिएकमध्ये चिमूटभर पण चालत नाही. शरीर स्वतःच आतड्याच्या अस्तरावर चाल करून जातं. आणि गहू कुठं कुठं लपतो! आम्हाला कळलेला सगळ्यात मोठा चोर म्हणजे हिंग. डबीतल्या बांधानी हिंगात मैदा किंवा कणीक असते. रोजच्या आमटीच्या फोडणीतनं जात होतं की ते! आता खडा हिंग, नाहीतर तांदळाच्या पिठातला बघून घेतो. सोया सॉसमध्ये गहू. गाड्यावर त्याच तव्यावर आधी पराठा, मग तिचा डोसा.

प्रवासात आम्ही कडक भाकरी नेतो. ज्वारीची, विजापूर-अथणीकडं पातळ वाळवलेली मिळते ती. दोन-तीन आठवडे काही होत नाही. शेंगाची चटणी बरोबर असली की समुद्रकिनारी पण चालतंय. गोव्याला दोनदा नेलं भाचीला, ती किनाऱ्यावर बसून कडक भाकरी मोडत होती आणि शेजारचे परदेशी पाहुणे ‘हे कुठले चिप्स’ विचारत होते.

---

ताकभात
४ फेब्रुवारी, रात्री ८:१०

नाचणीताईंचं वाक्य न् वाक्य बरोबर. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, ते छापलेलं बघून घ्या. आणि घरात एकाला सीलिएक निघाला तर सख्खी भावंडं आणि आईवडील यांचीही तपासणी करून घ्यावी, त्यांच्यात दहातल्या एकाच्या आसपास सापडतं. बहिणीला सांगितलंय का कुणी?

---

खानापूरची_नाचणी
४ फेब्रुवारी, रात्री ८:२५

नाही सांगितलं. उद्याच फोन करते.

---

सदाशिवनगर_७
५ फेब्रुवारी, सकाळी ११:००

एवढं एकेक करत बसायचं कशाला? एकच रक्त द्यायचं, दोनशे पदार्थांची ‘फूड सेन्सिटिव्हिटी’ कळते. मी केली, साडेबारा हजार गेले पण रंगीत पुस्तिका मिळाली. मला भात, दही, तूरडाळ, शेंगदाणे, अंडी, टोमॅटो असं अठ्ठावीस गोष्टींना लाल आलंय.

---

ताकभात
५ फेब्रुवारी, दुपारी १:३०

अहो, लाल आलंय ते सगळं तुम्ही रोज खाता ना?

---

सदाशिवनगर_७
५ फेब्रुवारी, दुपारी १:४२

हो. म्हणजे खात होतो.

---

ताकभात
५ फेब्रुवारी, दुपारी २:०५

तेच. त्या तपासणीत रक्तातली आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. एखादी गोष्ट खाल्ल्यावर शरीरानं तिची ओळख ठेवली, एवढंच त्यातनं कळतं. जगभरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना हिला निदान मानत नाहीत. खऱ्या ॲलर्जीत आयजीई बघतात, तेही लक्षणं असली तरच. भात-डाळ-दही सोडून तुम्ही आता काय खाताय?

---

सदाशिवनगर_७
५ फेब्रुवारी, दुपारी २:११

काकडी. बायको माहेरी गेल्यापासून जास्तच.

---

चोर्ला_घाट
५ फेब्रुवारी, रात्री १०:१५

शहापूरकर नशीबवान. आमच्या बेटाची गोष्ट उलटी आहे.

दोन वर्षांपूर्वी बालीला गेलो. नवऱ्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, पचत नाही वगैरे प्रकार नव्हे, खरी. खाल्ली की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. आम्ही आपले कोळंबी दिसली की लांब. पहिल्याच रात्री त्यानं साधी भाजी मागवली, वर लाल चटणी. दहा मिनिटांत घसा खवखवायला लागला. तिथल्या सांबलमध्ये तेरासी घालतात, म्हणजे कोळंबी आंबवून केलेला लगदा. आपल्याकडं हिंग तसं ते, दिसत नाही पण सगळ्यात असतं. फ्राइड राइसमध्ये पण तेच, आणि बरोबर क्रुपुक म्हणून पापड देतात तो बहुतेकदा कोळंबीचाच. घशापर्यंत आलं म्हणून आम्ही गोळीवर न थांबता थेट दवाखाना गाठला. तिथं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं. श्वासाला त्रास होत असेल तर दुसऱ्या कशाचाही विचार करू नये, असं त्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलवर तिथल्या भाषेत लिहून ठेवलं: ‘साया अलेर्गी उदांग’, मला कोळंबीची ॲलर्जी आहे. आणि ‘तान्पा तेरासी’, तेरासीशिवाय. प्रत्येक हॉटेलात आधी ते दाखवायचं, मग बसायचं.

अवांतर: दुधाला तिकडं ‘सुसू’ म्हणतात. ‘कोपी सुसू’ अशी पाटी वाचून मुलगी रस्त्यात लोळायची बाकी होती. शहापूरकर, तुम्ही गेलात तर ‘तान्पा सुसू’ म्हणा.

---

शहापूरकर
५ फेब्रुवारी, रात्री १०:२८

‘तान्पा सुसू’ घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलगा अजून हसतोय.

---

मच्छेकर
६ फेब्रुवारी, सकाळी १०:००

माझं नाव मच्छेकर, आणि दहा वर्षं मासे बंद होते. ऐका.

कारवारला एकदा दुपारी बांगडा खाल्ला. तासाभरात तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, जुलाब. गावातले म्हणाले माशाची ॲलर्जी. बंद. मागल्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरांनी नीट विचारलं: त्याआधी कधी? नाही. बरोबर खाल्लेल्यांना? तर हो की, मित्राला पण झालं होतं! ते म्हणाले, दोघांना एकदम ॲलर्जी कशी होईल? बांगडा, टूना असले मासे बर्फाविना राहिले की त्यात हिस्टामीन तयार होतं. तळा, उकळा, ते जात नाही. मासा नासलेला दिसतोच असं नाही. मग त्यांनी तपासणी केली आणि दवाखान्यातच थोडं थोडं खायला लावलं. काही झालं नाही.

दहा वर्षं, दर रविवारी, घरच्यांच्या ताटाकडं बघत पिठलं खाल्लंय मी.

बेटांवर मासा ताजाच असतो असं धरून चालू नका. होडीतनं उतरल्यापासून ताटात येईपर्यंत तो बर्फात होता का, तेवढं विचारा.

---

वकील_निपाणी
६ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

माझा पाण्याचा मुद्दा सगळ्यांनी हसण्यावारी नेला. प्रवासात अचानक लागणारे जुलाब बहुतेक वेळा जंतूंमुळंच होतात, हे ताई पण नाकारणार नाहीत.

---

ताकभात
६ फेब्रुवारी, दुपारी १:०५

नाकारत नाही. उलट भर घालते. असे जुलाब होऊन गेले की आतड्याचं अस्तर सोलपटतं आणि काही आठवडे दूध पचेनासं होतं, पूर्वी पचत असलं तरी. लोक म्हणतात बेटावरनं आल्यापासून दूध बाधतंय. ते बहुतेकदा आपोआप भरून येतं. जुलाबात ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलंय बरोबर तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटरला चहाच्या चमच्यानं सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शहाळं गोड लागतं पण त्यात मीठ फार कमी, ते ओआरएसच्या जागी चालत नाही. रक्त पडलं, ताप आला, वजन उतरायला लागलं, रात्री झोपेतनं उठून पळावं लागलं, तर धागा वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

---

गणपत_गल्ली
६ फेब्रुवारी, रात्री ९:०५

सगळं खरं, पण आपल्याकडं दवाखान्यात डाएट चार्ट कानडीतनं मिळतो, त्याचं काय? माझ्या काकूनं ‘हालु’ म्हणजे हलवा समजून तोच सोडला आणि दूध पीत राहिली. यावर कुणी बोलणार आहे का? १९५६ पासून

---

संपादक_मंडळ
६ फेब्रुवारी, रात्री ९:२०

गणपत_गल्ली यांचा उरलेला प्रतिसाद सीमाप्रश्नाच्या धाग्यावर हलवला आहे. काकूंचा किस्सा विषयाला धरून असल्यानं ठेवला आहे.

---

अण्णा_अथणी
७ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

‘हालु’ म्हणजे दूध. शेजारणीला विचारायचं की ओ. आमच्या अथणीत निम्मी वाक्यं कानडी निम्मी मराठी, कुणाचं काही अडत नाही.

---

शहापूरकर
९ मार्च, रात्री ९:३०

मंडळी, महिनाभर गायब होतो. हिशोब द्यायला आलोय.

आधी नाचणीताईंचं ऐकलं. गहू चालू असतानाच टीटीजी करून घेतली, बरोबर एकूण आयजीएही. सीलिएक नाही. मग ताईंनी सांगितल्याप्रमाणं एका वेळी एकच. वहीत लिहीत गेलो, साड्यांच्या उधारीची जुनी वही होती ती उलटी करून.

पहिले दोन आठवडे दूध पूर्ण बंद. चहा कोरा. आईशी तीन दिवस अबोला. चपाती चालू, साडेदहाचं जेवण चालू, दुकान तर चालूच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सकाळचं ढोलकं बंद. पूर्ण शांत नाही, पण रुपयातले बारा आणे फरक. आणि दुकान नव्हतं म्हणणाऱ्या बायकोचा, मलप्रभांच्या मेव्हण्याचा वगैरे मुद्दा निकाली.

मग दूध परत गावात आणलं. अर्धा कप जेवणानंतर: काही नाही. एक कप जेवणानंतर: थोडी गुडगुड. पेलाभर, रिकाम्या पोटी, सकाळी आठला: साडेनऊला पळालो. चार दिवसांनी परत केलं, परत पळालो. दही, ताक कितीही चालतंय.

राहिलेले चार आणे कशाचे, ते शोधत होतो. मागल्या आठवड्यात रात्रीचं जेवण आठला केलं, डबा दुकानात मागवून. छातीत आंबट यायचं ते गेलं. ते मी आजवर गॅसमध्येच धरत होतो! अंधार लवकर पडायचा म्हणून अंदमानात आपोआप घडलं होतं ते.

आता दिवसाला दोन चहा, दूध नावाला. मोठं काम म्हणजे गिऱ्हाइकांबरोबरचा चहा टाळणं. ‘शेटजी, तुम्ही नाही घेत?’ म्हणून सहाच्या सहाजणी विचारतात, आणि एकदा तर तेवढ्यावरनं बाई उठून चालल्या होत्या.

---

ताकभात
९ मार्च, रात्री १०:००

वही उत्तम. दुधातली साखर अंगवळणी पडते, हेही बघा. रोज थोडं थोडं दूध जेवणाबरोबर घेत राहिलात तर मोठ्या आतड्यातले जंतू सरावतात आणि गुडगुड कमी होऊ शकते. पूर्ण तोडू नका, कॅल्शियमही बघायचंय. नाचणी, तीळ, दही सोडू नका. लग्नकार्यात बासुंदीचा मोह झालाच तर लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात, पहिल्या घासाबरोबर घ्यायची. पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारून.

---

मलप्रभा_काठ
९ मार्च, रात्री १०:१२

२२ तारखेला निपाणीला लग्न आहे, बासुंदी आहे. तुमच्या नावची वाटी मी घेतो, गोळी तुम्ही घ्या.

---

खानापूरची_नाचणी
१० मार्च, सकाळी ८:००

बहिणीनं तपासणी करून घेतली. तिचीही पॉझिटिव्ह आली. पुढच्या आठवड्यात दुर्बीण आहे. ताकभातताई, तुम्हाला निरोप पाठवलाय, बघाल का?

---

ताकभात
१० मार्च, सकाळी ८:२०

बघितला. दुपारी फोन करते. तोवर तिनं चपाती सोडायची नाही.

---

चोर्ला_घाट
१० मार्च, सकाळी ११:४०

शहापूरकर, आईंचा अबोला सुटला का?

---

शहापूरकर
१० मार्च, दुपारी ४:०५

सुटला. पाहुणे आले होते, घरात कुंदा आला. मी नको म्हटलं. आईनं जेवणानंतर ताटात चमचाभर वाढलाच. मी म्हटलं, आई, दूध नको सांगितलंय ना?

तर म्हणते, “दूध नको तर नको की. कुंदा म्हणजे काय दूध हाय होय?”